अगस्त्य तलावावरचा तांबडा ठिपका

पेणमध्ये टिपणीस बाईंच्या हाताखालून गेला नाही असा माणूस शोधायला गाव धुंडाळावं लागेल. एकतीस वर्षं एकाच शाळेत, एकाच आवाजात त्यांनी भूगोल शिकवला. नकाशाच्या कोपऱ्यात ज्याने प्रमाण लिहिलं नसेल त्याची वही त्या न तपासता परत करत. राग त्यांना चटकन येत नसे, पण एकदा आला की उतरतही नसे. आठवीतल्या एका कार्ट्याने त्यांच्या खुर्चीला खाजकुयली लावली होती. तो पुढे सरकारी कचेरीत कारकून झाला. वीस वर्षांनी बाई दाखल्यासाठी त्याच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी आधी त्याच्याकडून कोकणातल्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे म्हणवून घेतल्या. तो अंबेनंतर एकदम सावित्रीवर गेला. ‘कुंडलिका राहिली,’ असं चारचौघांत सांगून मगच बाईंनी दाखला हातात घेतला.

अशा बाईने कोणाबद्दल डूख धरला की त्या माणसाने गाव सोडावं हे बरं. पण तो माणूस नवराच असला तर जाणार कुठे? शरदराव टिपणीसांवर ही पाळी आली, आणि गंमत अशी की दहा वर्षं त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

शरदराव नागोठण्याच्या कंपनीत इंजिनियर होते. माणूस वाईट नव्हे. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, घरात आवाज चढवणं नाही. एकच व्यसन, कॅमेरा. तोही साधासुधा नव्हे. एसएलआर, आणि त्याचा सगळा बारदाना. दोन कॅमेरे त्यांच्या गळ्यात, ट्रायपॉड त्यांच्या पाठीला, आणि लेन्सची बॅग बायकोच्या, म्हणजे आपल्या वृंदाबाईंच्या, उजव्या खांद्यावर. हिमाचल असो की हरिहरेश्वर, बॅग बाईंच्याच खांद्यावर. शरदराव डोळा कॅमेऱ्याला लावून मागे हात करायचे आणि ‘सत्तर-दोनशे’ म्हणायचे. बाई बॅगेत न बघता नेमकी ती लेन्स काढून त्या हातात ठेवायच्या. सगळ्या लेन्स त्यांना वजनावरून ओळखता येत. कॅमेऱ्याला मात्र त्यांनी कधी हात लावायचा नाही. सेटिंग बिघडतं.

आता एवढा सरंजाम बाळगणाऱ्या माणसाने काय टिपावं? डोंगर, देवळं, पाणी, ढग. माणसाच्या तोंडाचं त्यांना वावडं होतं. तोंडं सगळे काढतात, ते म्हणायचे. माणूस लागायचा तो एवढ्यासाठीच की त्याच्यावरून कडा किती उंच, खांब किती जाड हे बघणाऱ्याला कळावं. तीस वर्षांच्या सहलींच्या हजारो फोटोंत बाई होत्या, पण कुठे बोटाच्या पेराएवढ्या, कुठे तिळाएवढ्या, आणि बहुतेक वेळा पाठमोऱ्या. दारावर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणि रानभाज्या घेऊन येणारी वनिता एकदा बाईंना म्हणाली होती, ‘सायबांनी माज्या चिंबोऱ्या काडल्या, माजा हात काडला. तोंड नाय काडला.’ बाई तेव्हा हसल्या होत्या. आपल्यावर तीच वेळ येईल असं हसणाऱ्याला कधी वाटत नाही.

ही २०१२ सालची गोष्ट. त्या डिसेंबरात बाईंनी आपल्या आईला बदामीच्या सहलीला बरोबर घेतलं. चंद्रावतीबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. राहायच्या रोह्याला, धाकट्या मुलाकडे, सुजयकडे. गुडघे गेले होते, पण हौस गेली नव्हती. बदामीच्या लाल डोंगरात त्या चार चार पायऱ्यांवर थांबत चढल्या आणि कुठेही ‘पुरे’ म्हणाल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी शरदरावांनी अगस्त्य तलाव हेरून ठेवला. पलीकडच्या काठाला पाण्यात उतरलेलं भूतनाथाचं देऊळ, त्याच्या पायऱ्या, मागे डोंगर. सगळं होतं, एका तांबड्या ठिपक्याची कमी होती. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या अंगावर नेहमीचं फिक्या राखाडी रंगाचं पातळ. शरदरावांनी विचारलं, हिने काल घेतलेली तांबडी इरकल नेसाल का थोडा वेळ?

चंद्रावतीबाईंना वैधव्य येऊन एकोणीस वर्षं झाली होती. तांबडा रंग त्यांनी कोणी न सांगता आपण होऊन सोडला होता. लेकीने सांगितलं असतं तर त्यांनी उडवून लावलं असतं. पण जावई. जावयाने उभ्या आयुष्यात सासूकडे पहिल्यांदा काही मागितलं, तर नाही कसं म्हणायचं, असं म्हणून त्या लॉजच्या खोलीत गेल्या. इरकल नेसल्या. केस सोडून पुन्हा बांधले. मग आरशासमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की वृंदाबाईंना वाटलं, बरं वाटत नाही की काय.

‘मी अशी होते का गं?’ आईने विचारलं.

वृंदाबाई ‘होतीस’ म्हणाल्या. खरं म्हणजे त्यांना आठवत नव्हतं. पण आत्ता समोर जी उभी होती तिचं तोंड त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं एवढं उजळलं होतं.

देवळापर्यंत काठाकाठाने चालायला त्या गुडघ्यांना अर्धा तास लागला. शरदराव समोरच्या काठावर ट्रायपॉड लावून हातवारे करत होते. मागे. अजून मागे. वृंदाबाईंना त्यांनी खांबाआड जायला लावलं. आई एकट्या पायरीवर उभ्या राहिल्या, ऊन मनासारखं पडेपर्यंत. आणि सगळा वेळ हसत होत्या, कारण कॅमेरा आपल्याला बघतोय असं त्यांना वाटत होतं. परत आल्यावर त्यांनी विचारलं, ‘शरदराव, चांगला आला ना हो माझा फोटो?’

‘छान आलाय, आई,’ शरदराव म्हणाले.

त्या फोटोला बक्षीस मिळालं. मोठा करून तो पेणच्या घरी दिवाणखान्यात लागला. पुढच्या खेपेला चंद्रावतीबाई आल्या तेव्हा त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ शोधलं आणि तांदळाएवढ्या तांबड्या ठिपक्यावर बोट ठेवलं. ही मी का, असं त्यांनी लेकीला विचारलं. मग हसून म्हणाल्या की बाई, पाण्यात पडले असते तरी कोणाला कळलं नसतं. फोटोचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

२०१४ च्या फेब्रुवारीत, सकाळी वेणी घालता घालता त्या गेल्या.

आता बाराव्या-तेराव्याला फोटो लागतो. समोर ठेवायला, हार घालायला, पुढे भिंतीला लावायला. आईची जुनी फोटोंची पत्र्याची पेटी २००५ च्या पुरात कुंडलिकेने नेली होती. सुजय तेव्हा धाटावच्या कंपनीत शिफ्ट करून बटणांचा फोन वापरणारा माणूस. त्याच्याकडे कुठून असणार? वृंदाबाई म्हणाल्या, माझ्या मोबाइलमध्ये आहे. दिवाळीत रोह्याच्या स्वयंपाकघरात आई नारळ खवत होत्या, हाक मारल्यावर मान वर करून हसल्या होत्या, तेवढ्यात बाईंनी काढला होता. मोबाइल उघडला तर फोटो नाही. शरदरावांना विचारलं. ते म्हणाले, तो ना, हललेला होता. तुझ्या फोनमध्ये जागा उरली नव्हती, साफसफाई करताना उडवला.

राहिला बदामीचा. पेणला एसटी स्टँडसमोर पोपटचा स्टुडिओ आहे. वडखळकडच्या खाडीकाठचा हा माणूस. वीस वर्षं शाळेच्या ओळखपत्रांचे आणि लग्नांचे फोटो काढतोय. त्याने तो फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि मोठा करत नेला. देऊळ मोठं झालं, पायरी मोठी झाली. आईच्या जागी तांबडे चौकोन आले, त्यांच्या डोक्यावर तपकिरी रंगाचे सहा चौकोन. त्या सहा चौकोनांत वृंदाबाईंची आई होती. पोपट एक दिवस त्या चौकोनांशी झुंजला आणि शेवटी म्हणाला, बाई, मतदान कार्ड असेल तर आणा.

मतदान कार्डावरचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. आईचा डावा डोळा मिटलेला, तोंड अर्धवट उघडं, चोरी करताना पकडल्यासारखं. तोच मोठा झाला, त्यालाच चौकट बसली, आणि तोच आजही रोह्याच्या भिंतीवर आहे.

चौकट द्यायला पोपट स्वतः मोटरसायकलवरून रोह्याला आला, त्या दिवशी दहावं होतं. पंगत बसली होती. सुजय तसा गरीब. त्याने मान खाली घालूनच म्हटलं, ‘भाऊजी, तुमच्या घरात एवढे कॅमेरे, आणि आईचा एक फोटो असू नये?’

शरदरावांना ते लागलं. लागलं की माणूस काहीतरी बोलतो. ते म्हणाले, ‘मी काय पासपोर्ट साइज काढणारा स्टुडिओवाला आहे का? आणि त्या फोटोत आई होत्या त्या आकाराचा अंदाज यावा म्हणून.’

वृंदाबाई वाढत होत्या. त्यांनी वालाच्या बिरड्याचा डाव भांड्यात ठेवला, पदराला हात पुसले आणि आत गेल्या. दारात चौकट छातीशी धरून पोपट उभा होता. त्यानेही ऐकलं होतं.

भांडणारी माणसं बरी. भांडतात, मोकळी होतात. बाई भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत, फोटोचं नावही काढलं नाही. पुढची नऊ वर्षं त्या ‘सत्तर-दोनशे’ म्हटल्यावर सत्तर-दोनशे देत राहिल्या. दिवाणखान्यातला तो बदामीचा फोटो रोज पुसत राहिल्या, आणि पुसताना रोज तांबड्या ठिपक्यापाशी फडकं थांबवून मनाशी म्हणत राहिल्या, ‘आकाराचा अंदाज.’ उट्टं कसं काढायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. काढायचं एवढं पक्कं होतं.

वाट त्यांच्या खांद्याने दाखवली. २०२३ च्या पावसाळ्यात उजवा हात वरच जाईना. डॉक्टरांनी खांदा आखडलाय म्हणून सांगितलं, व्यायाम दिले आणि ओझं उचलायचं बंद केलं. शरदराव शेजारी बसले होते. त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं की मग बॅग कोण घेणार?

त्याच आठवड्यात बाई पोपटकडे गेल्या. म्हणाल्या, मला कॅमेरा हवाय. माझा. मोबाइल नको, मोबाइलवर दुसऱ्यांचे हात फिरतात.

पोपटने आधी छोटा एसएलआर दाखवला. सोबतची लेन्स जवळचंही घेते, लांबचंही घेते, पुढे मन झालं तर दुसरी लावा. बाईंनी तो हातात तोलला आणि परत ठेवला. एक लेन्स आली की तिच्यामागून दुसरी येते आणि दुसरीमागून बॅग, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. मग त्याने झूम असलेला छोटा कॅमेरा काढला. बटण दाबलं की नळी पुढे यायची. समोरच्या पानवाल्याच्या मिशा इथून मोजता येतात, असं त्याने दाखवून दिलं.

बाईंनी विचारलं, ‘याच्यात झूम नसलेला नाही का?’

असा प्रश्न पोपटला आजवर कोणी विचारला नव्हता. त्याने कपाटाच्या तळातून एक काळा चपटा कॅमेरा काढला, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा. बोटीवर नोकरी करणाऱ्या एका माणसाने विकायला ठेवलेला. एकच लेन्स, पक्की बसवलेली. निघत नाही, पुढे येत नाही, मागे जात नाही. फोटो मात्र साहेबांच्या कॅमेऱ्याला लाजवील असा. पण खपत नव्हता, कारण लोकांना लांबचं जवळ बघायचं असतं.

बाईंनी तो घेऊन रस्त्यापलीकडच्या पानवाल्यावर धरला आणि बटण दाबलं. मागच्या पडद्यावर स्टँड आला, दोन एसट्या आल्या, आंब्याचं झाड आलं, आणि पानवाला तांदळाएवढा.

‘याचे डोळे दिसतील?’

‘नाय दिसनार, मॅडम. यात लांबचा मानूस ठिपकाच येनार. तोंड पायजे असंल तर तुमी जवल जायाचा, हाताच्या अंतरावर.’ पोपट प्रामाणिक माणूस. गिऱ्हाइकाला नंतर पस्तावा नको. ‘झूमवाला घ्या. लांब काडा नायतर जवल काडा, मर्जी तुमची.’

बाईंना नेमकी तीच मर्जी नको होती. माणसाचं मन काय, ऐनवेळी पाघळतं. समोरच्या काठावर नवरा उभा आहे, सत्तरीला आलेला, आणि बोटाखाली बटण आहे की दाबलं तर तो जवळ येईल. अशा वेळी आपलं बोट आपलं ऐकेल याची त्यांना खात्री नव्हती. ज्या कॅमेऱ्यात दया दाखवायची सोयच नाही तो बरा. ‘हाच द्या,’ त्या म्हणाल्या.

शरदरावांनी तो पाहिला आणि त्याचं नाव ठेवलं डबी. झूम नाही म्हटल्यावर तर त्यांना हसू आवरेना. प्रवासाला जाताना कोणी अर्धा चष्मा नेतं का, असं त्यांनी दोन-तीन जणांना सांगितलं. डिसेंबरात कुठे जायचं असं निघालं तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, बदामी. शरदराव खूश झाले. त्यांना वाटलं, बाईंना तो फोटो आवडतो.

या वेळी सगळा बारदाना शरदरावांनी स्वतः वाहिला. पहिल्याच दिवशी लेण्यांच्या पायऱ्यांवर त्यांना तीनदा बसावं लागलं. ‘सत्तर-दोनशे’ म्हणून त्यांनी सवयीने मागे हात केला, तो तसाच हवेत राहिला. बाई दहा पायऱ्या वर एका म्हातारीशी बोलत होत्या. म्हातारी टोपलीतून ज्वारीच्या भाकऱ्या आणि दही विकत होती, कानडीत काहीतरी विचारत होती, बाई मराठीत उत्तर देत होत्या, आणि दोघींचं छान चाललं होतं. बाईंनी खिशातून डबी काढली, हातभर अंतरावर जाऊन तिचं तोंड टिपलं आणि तिला दाखवलं. म्हातारीने पदराने पडदा पुसून पुन्हा पाहिलं. बाईंना आई आठवली. हे एवढंच करायचं होतं. अकरा वर्षांपूर्वी एवढं कोणी करायला हवं होतं. राग थोडा निवळत आला होता, तो पुन्हा जागच्या जागी येऊन बसला.

तिसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी बॅगेतून तांबड्या रंगाचं नवं जाकीट काढलं. थंडी आहे, घाला. शरदराव म्हणाले, या वयात तांबडं? बाई म्हणाल्या, शोभेल. आणि म्हणाल्या, ‘देवळाच्या पायऱ्यांवर उभे राहा. आज मी तुमचा फोटो काढते.’

शरदरावांना आनंद झाला. हे सांगायला हवं, कारण बाईंनाही तो दिसला होता. कोणाला कॅमेऱ्याला हात लावू न देणाऱ्या या माणसाचा फोटो चाळीस वर्षांत कोणी काढलाच नव्हता. ते गळ्यात कॅमेरे अडकवून अर्धा तास काठाकाठाने चालत गेले. पायरीवर जाऊन त्यांनी उरलेसुरले केस बोटांनी बसवले. जाकिटाची चेन वर ओढली. बाई समोरच्या काठावर, बरोब्बर त्या दगडावर उभ्या होत्या जिथे अकरा वर्षांपूर्वी ट्रायपॉड होता. त्यांनी डावा हात हलवला. मागे. शरदराव एक पायरी मागे गेले. अजून मागे. अजून एक गेले. इतक्या लांबून तोंड दिसत नव्हतं, पण ते हसत असणार याबद्दल बाईंना शंका नव्हती. आईही हसतच होती. बाईंनी त्यांना ऊन मनासारखं पडेपर्यंत उभं केलं, आणि मग एकदाच बटण दाबलं.

‘कसा आलाय?’ परत येऊन शरदरावांनी धापा टाकत विचारलं.

‘छान आलाय,’ बाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर पुण्याहून ताम्हिणी उतरून, कोलाडला चहा घेऊन ते दुपारी रोह्याला सुजयकडे थांबले. जेवणं झाल्यावर शरदराव भिंतीला टेकून बसले. आठ दिवसांच्या ओझ्याने खांदे पडलेले, चष्मा कपाळावर, खिडकीतलं ऊन अर्ध्या तोंडावर. डोक्याच्या वर मतदान कार्डातल्या चंद्रावतीबाई. शरदराव आपला दुखरा खांदा दाबत होते, आणि दाबता दाबता त्यांनी वृंदाबाईंच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं. बाई उठल्या, हातभर अंतरावर गेल्या आणि डबी धरली. नवऱ्याच्या तोंडाच्या इतक्या जवळ त्या कित्येक वर्षांत गेल्या नव्हत्या. ‘काय करतेस?’ ते म्हणाले. ‘काही नाही,’ बाई म्हणाल्या. फोटो इतका चांगला आला की त्यांना त्याचाच राग आला. त्यांनी तो सुजयला दिला, हलक्या आवाजात काही सांगितलं, आणि सुजय बहिणीकडे बघतच राहिला.

पुढच्या वर्षी शरदरावांना सत्तर पूर्ण झाली. पेणच्या छायाचित्र मंडळाने ठरवलं, साहेबांच्या चाळीस वर्षांच्या फोटोंचं प्रदर्शन करायचं. हॉल ठरला, साठ फोटो निवडले, आणि दारातच सहा फूट बाय चार फुटांच्या फलकावर छायाचित्रकाराचा फोटो व परिचय लावायचं ठरलं. तेव्हा कुठे शरदरावांच्या ध्यानात आलं की आपला फोटो नाही. आधार कार्डावरचा होता. तो बघून ते म्हणाले, हा नको, यात मी चोरासारखा दिसतो. बाईंनी हे वाक्य ऐकलं आणि भाजी चिरत राहिल्या.

‘तुझ्या डबीत असेल की,’ शरदराव म्हणाले. ‘बदामीचा.’

‘आहे ना. मी देते पोपटला.’

बाईंनी फोटो दिला, आणि खाली छापायची एक ओळ कागदावर लिहून दिली. पोपटने फोटो बघितला, ओळ वाचली. ‘मॅडम, पक्का?’ एवढंच त्याने विचारलं. बाईंनी मान हलवली. मग पोपट आपण होऊन म्हणाला, ‘फ्लेक्स नको. चांगल्या कागदावर काडतो. ह्याचा पैसा मी नाय घेनार.’ स्टुडिओवाला हा शब्द तोही विसरला नव्हता.

रविवारी सकाळी हॉल भरला. बाईंचे जुने विद्यार्थी, शरदरावांचे कंपनीतले लोक, रोह्याहून सुजय. पाहुणे म्हणून आलेल्या एका निवृत्त प्राचार्यांनी फलकावरचा पडदा ओढला.

तलाव, देऊळ, डोंगर, आकाश. सहा फूट बाय चार फूट. माणूस कुठे आहे ते लोक शोधू लागले. कोणीतरी बोट दाखवलं, तिथे, पायरीवर, तो तांबडा.

नऊ आणि एक, दहा वर्षं बाई या क्षणाची वाट बघत होत्या. आणि प्राचार्यांनी माइक घेतला. म्हणाले, बघा, याला म्हणतात नम्रता. स्वतःच्या प्रदर्शनात स्वतःला निसर्गापुढे ठिपक्याएवढं दाखवणारा कलावंत मी पहिल्यांदा पाहतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या.

बाईंचा असा संताप झाला की हातातल्या फुलांच्या परडीची कड मोडली. करायला गेले काय आणि झालं काय. दहा वर्षं जपलेला राग आणि त्याचा हार होऊन नवऱ्याच्याच गळ्यात पडावा?

पण शरदराव हसत नव्हते. ते फलकाजवळ गेले. लांबचा चष्मा काढला, खिशातून वाचायचा काढून लावला आणि ठिपक्याजवळ तोंड नेलं. इतकं जवळ नेलं की नाक कागदाला लागायचं राहिलं. तोंड शोधत होते. तोंड नव्हतंच. मग त्यांची नजर खाली आली, कोपऱ्यात, जिथे बारीक अक्षरांत ओळ होती आणि लांबून टाळ्या वाजवणाऱ्या कोणालाही ती वाचता येत नव्हती: ‘माणूस आकाराचा अंदाज यावा म्हणून.’

ते वाकलेलेच राहिले. मग वळले आणि गर्दीतून बाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर हलवली नाही. शोधूनही तोंड सापडलं नाही म्हणजे काय होतं ते शरदरावांना आता कळलं होतं, हे बाईंना दिसलं, आणि त्यांना बरं वाटलं. वाटू नये असं म्हणतात, पण वाटलं.

चहाच्या वेळी शरदराव मागच्या ओट्यावर बाईंजवळ आले. कप हातात तसाच.

‘आई त्या दिवशी हसत होत्या का?’ त्यांनी विचारलं.

‘सगळा वेळ.’

शरदरावांनी मान डोलावली. मग विचारलं, ‘माझं तोंड दिसेल असा तू एकही काढला नाहीस?’

‘काढलाय. एकच. फार सुरेख आलाय.’

‘मग तो का नाही दिलास आज?’

‘तो आजच्यासाठी नाहीच,’ वृंदाबाई म्हणाल्या. ‘चौकट करून सुजयकडे ठेवलाय. रोह्याला आईच्या शेजारी खिळासुद्धा ठोकून झालाय. तुमच्या वेळी कोणाला शोधाशोध करायला नको.’

शरदरावांनी कप ओट्यावर ठेवला. आतून माइकवर त्यांचं नाव पुकारत होते. सत्काराला बोलावत होते. बाईंनी त्यांच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली आणि त्यांना आत पाठवलं.